भोंग्यांच्या गावातल्या आडवाटा

गावाकडून पाहुणे आले की पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो, 'यांना दाखवायचं काय?' उत्तरही ठरलेलं असतं. शनिवारवाडा, सारसबाग, वेळ उरला तर सिंहगड. म्हणजे पाहुणे आमचे आणि पाहुणचार पुण्याचा! २०११ च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती सतरा लाखांच्या पुढं गेली, त्या शहरात चार माणसांना फिरवून आणावं असं काहीच नाही, असं इथं राहणाऱ्यालाच वाटतं. हा समज येतो कुठून, आणि तो खरा आहे का, एवढंच आज बघू या.

आधी समज कुठून येतो ते पाहू. बहुतेक शहरं बाजारपेठेभोवती, किल्ल्याभोवती किंवा देवळाभोवती वाढतात. हे शहर कारखान्यांभोवती वाढलं. १९५४ साली पिंपरीत सरकारी पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली आणि माळरानं आखली जाऊ लागली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पंचवीस-तीस वर्षांत ज्वारीच्या शेतांचं महानगर झालं. माणसं आली ती खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आणि पुढं उत्तरेतून, दक्षिणेतून. कामाला आलेला माणूस आधी काय शिकतो? पाळीची वेळ, बसथांबा, रेशनचं दुकान आणि मुलांची शाळा. जे शहर पोट भरायला जवळ केलं, ते डोळे भरून पाहायचं राहूनच जातं.

आता अशा शहरात पाहायचं कसं? इथं दिंडीदरवाजा नाही की तिकीटखिडकी नाही. माझ्या मते तीन गोष्टींचा माग काढावा. एक, जुन्या गावांची नावं. दुसरी, नद्यांचे काठ. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तीन नद्या इथल्या वस्तीला वेढून आहेत. आणि तिसरी, कारखान्यांची कुंपणं. कारण कुंपणाच्या आत आणि कुंपणाला लागून या शहराचा खरा इतिहास घडला आहे. पुणे-लोणावळा लोकलची वाट धरली की या तिन्ही गोष्टी एकामागून एक भेटत जातात. चला, तीच वाट धरू.

पहिलं स्टेशन दापोडी. आज दापोडी म्हटलं की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते, हॅरिस पूल आठवतो आणि पुलावरची गर्दी आठवते. पण दोनशे वर्षांपूर्वी इथं कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पेशव्यांसाठी जी कवायती पलटण उभी केली होती, तिचा हा अधिकारी. पुढं गव्हर्नर जॉन माल्कमनं ही जागा सरकारसाठी घेतली आणि १८२८ मध्ये इथं वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या हाती होतं. गिब्सन इथं औषधी वनस्पती वाढवी आणि त्यांपासून केलेली औषधं सरकारी दवाखान्यांना पुरवी. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. आपल्या सह्याद्रीतलं जंगल राखायला हवं, असं सरकारला बजावणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांमध्ये त्याचं नाव येतं.

खरी गंमत पुढं आहे. गिब्सननं १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून इथल्या झाडाझुडपांची चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि २००२ मध्ये त्यांच्यावर एक ग्रंथही निघाला. इंग्रज दापोडीला 'दापुरी' म्हणत, म्हणून ही 'दापुरी चित्रं'. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता एवढाच तर्क करता येतो, त्याचं नाव कुठंच नोंदलेलं नाही. पुढं गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत, म्हणजे आज विद्यापीठ आहे तिथं, हलला आणि दापोडीची बाग मोडली. आता तुम्ही म्हणाल, मग तिथं जाऊन पाहायचं काय? खरंच, फारसं काही नाही. पण ज्या जमिनीवर पुढं बसगाड्यांचे सांगाडे उभे राहिले, तिथंच कधीकाळी कुणी एक अनामिक माणूस फुलाच्या पाकळ्या मोजत बसला होता, एवढं माहीत असलं तरी हॅरिस पुलावरचा खोळंबा थोडा सुसह्य होतो.

पुढं पिंपरी. इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. लोकांच्या तोंडी नुसतं 'एचए'. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली, पण आपल्याकडं ते परदेशातून यायचं आणि परवडेल त्यालाच मिळायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं इथं कारखाना झाला आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिन कसं होतं हे ऐकण्यासारखं आहे. शिळ्या भाकरीवर जशी बुरशी येते, तशाच जातीची एक बुरशी भल्यामोठ्या बंद टाक्यांमध्ये वाढवायची, तिला साखरेचं खाद्य द्यायचं, निर्जंतुक हवा द्यायची आणि काही दिवसांनी तिनं सोडलेलं औषध गाळून वेगळं करायचं. आपल्या आयाबाया जी बुरशी खरवडून टाकत, तिच्या भावंडानं लाखो बाळंतिणी आणि लेकरं वाचवली! इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या रोगांवरचं एक नवं औषध शोधलं. त्याचं नाव 'हॅमायसिन'. नीट पाहा, कारखान्याच्या नावातली 'एचए' ही आद्याक्षरं त्या औषधाच्या नावात बसलेली आहेत. जगाच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात पिंपरीचा ठसा असा उमटलेला आहे. पुढं हा कारखाना तोट्यात गेला, वैभवाचे दिवस सरले. पण कॉलनीतल्या मोठ्या झाडांखालून चालताना, स्वतंत्र झालेल्या देशानं औषध स्वतः करायचं असं ठरवलं होतं, याची आठवण होते.

स्टेशनच्या पलीकडं पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं इथं छावणीत आली, म्हणून 'कॅम्प'. छावणीची बाजारपेठ झाली, पण नाव तेच राहिलं. सकाळी लवकर गेलात तर दाल-पकवानाची गाडी शोधा. कडक तळलेलं पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कांदा. दुकानातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. त्या पिढीतले अनेक जण सिंधी भाषा उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या लिपीत लिहीत आले. नातवंडांना ती लिपी येत नाही. गाव मागं राहिलं, मग लिपी मागं राहिली, जिभेवरची चव तेवढी टिकली. कवितेच्या माणसाला याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ कोणतं हवं?

पिंपरीतच टाटा मोटर्स, म्हणजे जुन्या लोकांची 'टेल्को'. या कारखान्याची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर यांनी ओसाड माळावर झाडं लावली आणि तळं खोदवलं. 'सुमंत सरोवर' म्हणून ते ओळखलं जातं. लोखंड ठोकणाऱ्या कारखान्याच्या आवारात थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. 'सुमो' या गाडीचं नावही त्यांच्याच नावातल्या आणि आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून आलं. हे तळं आवाराच्या आत आहे, उठून सरळ जाता येत नाही. पण तिथं काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला त्या पाखरांबद्दल विचारा. यंत्रांबद्दल बोलताना थकलेला माणूस पाखरांबद्दल कसा खुलतो ते बघा.

पाण्याचीच आणखी एक गंमत चिंचवडच्या संभाजीनगर भागात आहे. आपला हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. शहर वाढू लागलं की दगड, खडी, वाळू लागते आणि जवळच्या टेकड्या फोडल्या जातात. खाणी संपल्या की खड्डे उरतात आणि खड्ड्यांत पाणी साठतं. एरवी असे खड्डे कचऱ्यानं बुजतात. इथं मात्र जुन्या खाणीभोवती बाग केली आणि तिला 'बर्ड व्हॅली' नाव दिलं. कड्यासारख्या उभ्या दगडी भिंती आणि मध्ये पाणी. शहराच्या घरांचा दगड जिथून निघाला, ती जागाच आता शहराला थोडी सावली देते. त्याच भागातल्या प्राणिसंग्रहालयाला निसर्गकवी बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. जळगावकडच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव पुण्याजवळच्या कारखान्यांच्या गावात कसं? तर इथल्या चाळींमधून आणि सोसायट्यांमधून खानदेशातली किती घरं आहेत ते मोजा, म्हणजे हे नाव किती घरचं आहे ते कळेल. हे संग्रहालय नूतनीकरणासाठी बरीच वर्षं बंद राहिलं, तेव्हा चौकशी करूनच निघावं.

जुनं चिंचवड मात्र पायी पाहावं. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. गणपतीच्या जयघोषात देवाच्या नावापुढं आपण 'मोरया' म्हणतो, ते या भक्ताचं नाव आहे असं परंपरा सांगते. देवाबरोबर माणसाचं नाव घेण्याची ही रीत आणि ती आपण सगळे, कोणत्याही जातीधर्माचे असलो तरी, मिरवणुकीच्या गर्दीत ऐकत आलो आहोत. तिथून जवळ चापेकरांचा वाडा. १८९७ च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरून केलेल्या तपासणीच्या जुलमानं पुणं पेटलं होतं. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, एका घरातले तिघं भाऊ वर्षभराच्या अंतरात फासावर गेले. स्मारक म्हणून वाडा पुन्हा उभारला आहे. चापेकर चौकातून रोज हजारो गाड्या जातात. त्यातल्या किती जणांना हे तीन भाऊ वाटेत भेटतात?

आकुर्डीला आलो की बजाजची स्कूटर आठवणारच. एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा नंबर लागला आहे का, असं विचारलं जाई. १९७२ मध्ये आलेल्या 'चेतक'ला राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव होतं. २००७ मध्ये आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबलं आणि कितीतरी घरांचं वेळापत्रक मोडलं. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणारी नवी चेतक तयार करणारा कारखाना सुरू झाला. आवाज न करणारा घोडा! पण आकुर्डीत याहून जुनी एक वर्दी आहे. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या दिवशी पाळीवरून सुटलेला कामगार निळ्या कपड्यांतच रस्त्याकडेला उभा राहतो आणि पालखीला हात लावून घरी जातो.

पुढं देहूरोड. लष्करी छावणीचं गाव. इथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्ती ब्रह्मदेशातून, रंगूनहून आलेली. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. तिथून थोडं पुढं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेच्या डोंगरावर घोरावडेश्वर आहे. हीच शेलारवाडीची लेणी. मुळात ही बौद्ध लेणी. चैत्यगृहात पुढं महादेवाची पूजा सुरू झाली आणि तुकोबा या डोंगरावर चिंतनाला येत असंही सांगतात. एका डोंगरात तीन काळ नांदतात आणि एकमेकांना हटकत नाहीत. खाली उतरलं की दोन-तीन किलोमीटरमध्ये नव्या काळातली बुद्धमूर्ती.

देहूला तर सगळेच जातात. पण देहूत एक ठिकाण घाईत सुटतं; अनगडशाहबाबांचा दर्गा. आख्यायिका अशी की या फकिराचा कटोरा कुणाच्या भिक्षेनं भरत नसे. तो तुकोबांच्या दारी आला, लेकीनं चिमूटभर पीठ घातलं आणि कटोरा भरून वाहिला. कथा चमत्काराची आहे, ज्यानं त्यानं आपल्या परीनं घ्यावी. पण एक गोष्ट कथा नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी प्रस्थान ठेवते, पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी पंढरीच्या वाटेवर पहिली अभंग-आरती या दर्ग्यापाशी होते. कुणी भाषण करत नाही, कुणी सलोख्याचा फलक लावत नाही. वारीच्या नेमातच ते आहे. मुसलमान घरात जन्मून मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी विचारलं की, तुमचं या भाषेशी नातं काय, तर मी देहूच्या या थांब्याकडं बोट दाखवतो. उत्तर माझ्या आधी कितीतरी वर्षं तिथं देऊन ठेवलेलं आहे.

आता इंद्रायणी ओलांडून चाकणकडं वळू. वाटेत एका बाजूला चिखली राहते. जुनी माणसं तिला 'टाळगाव चिखली' म्हणतात. तुकोबांच्या टाळांची आख्यायिका या गावाशी जोडलेली आहे. याच चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराचा अवाढव्य बाजार होता. कारखान्यातून निघालेलं लोखंड, तांबं, पुठ्ठा, प्लास्टिक सगळं इथं येई, हातानं वेगळं होई आणि पुन्हा कारखान्यात जाई. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं इथली हजारो बांधकामं आणि पत्राशेड पाडली. कायद्याचा वाद आपण बाजूला ठेवू. पण शहराच्या भव्यतेचे फोटो काढताना तिच्या पाठीमागं झाडलोट करणारे हात कधी चौकटीत आले नाहीत, एवढं तरी म्हणायला हवं.

चाकण आज मोटारगाड्यांचं गाव आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे इथले कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. पण याच गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेला किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी सुमारे ५५ दिवस झुंजवलं. शेवटी सुरुंगानं बुरूज उडवला तेव्हा कोट पडला. आज तटाचे आणि बुरुजांचे अवशेष वस्तीच्या गराड्यात उभे आहेत. चक्रेश्वराच्या देवळाच्या आवारात जुनी भग्न शिल्पं आहेत, त्यात वराहाची एक प्राचीन मूर्ती मुद्दाम पाहावी. आणि शनिवारी बाजार. कांद्याच्या राशी, आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत. रस्त्याच्या एका बाजूला गाडीची किंमत संगणक सांगतो आणि दुसऱ्या बाजूला बैलाची किंमत बोटं सांगतात! चाकणच्या पश्चिमेला भामचंद्र डोंगर. इथंच तुकोबांना साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा. डोंगराच्या पायथ्याशी औद्योगिक क्षेत्र येऊन भिडलं आहे आणि डोंगर राखण्यासाठी वारकऱ्यांनी वेळोवेळी आंदोलनंही केली आहेत.

जायचं कसं? दापोडीपासून देहूरोडपर्यंत लोकल आहे. पिंपरीहून मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत जाते. तिच्या एका स्थानकाचं नावच संत तुकारामनगर आहे. एक युक्ती सांगतो. इथल्या बहुतेक कारखान्यांचा रविवार गुरुवारी असतो. साप्ताहिक सुट्टीचा तो वार. गुरुवारी निघालात तर औद्योगिक भागातले रस्ते मोकळे मिळतील आणि चहाच्या टपरीवर बोलायला निवांत माणूसही मिळेल. एका दिवसात सगळं पाहायची घाई नको. एका खेपेला एक स्टेशन. बरोबर घरातलं एक लहान आणि एक म्हातारं माणूस न्यावं. लहान प्रश्न विचारतं आणि म्हातारं उत्तर देतं, आपण फक्त ऐकायचं.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. पावसाळा सरला की आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. परगावच्या माणसाला क्षणभर ते बर्फासारखं वाटतं, लोक फोटोही काढतात. ते सांडपाणी आहे. ज्या नदीनं गाथा तारली असं आपण लेकरांना सांगतो, ती नदी आता आपण तारायची आहे. पण ज्या गावाला आपण आपलं मानलंच नाही, त्याच्या नदीसाठी, डोंगरासाठी, पडक्या बुरुजासाठी कोण उभं राहणार? आमच्या पिढीनं इथं घरं बांधली, पण 'गाव कोणतं?' विचारलं की अजून जळगाव, बीड, सातारा असंच सांगितलं. इथं जन्मलेल्या मुलांना तेवढं दुसरं गाव नाही. त्यांचं गाव हेच. दापोडीची फुलं, पिंपरीची बुरशी, आकुर्डीची पालखी आणि चाकणचा बुरूज हे त्यांचं वतन आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही. ती कुणीतरी बोट धरून, चालत चालत करून द्यावी लागते.